आधी रुळू दे, मग बघू

परदेशातून आलेल्या बायकांबद्दल कुठेही मीटिंग असू दे, म्हणजे शाळेची, दवाखान्याची, एखाद्या संस्थेची, वस्तीची, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आधी जरा रुळू दे तिला, मग बघू." कमिटीवर घ्यायचं का? आधी रुळू दे. तिला बोलायला उभं करायचं का? भाषा तरी येऊ दे आधी. बोलणारी माणसं वाईट नसतात, उलट बऱ्याचदा मनापासून काळजीच करत असतात, आणि म्हणूनच हे वाक्य कोणाला खटकत नाही. मला मात्र हल्ली ते फार खटकतं. कारण मला असं वाटायला लागलंय की आपण क्रमच उलटा धरलाय. बाई रुळली की पुढे येईल असं आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात ती पुढे आली की रुळते. तिच्या हातात एखादा निर्णय आला, तिच्या शब्दावर एखादी गोष्ट बदलली, कोणीतरी तिला फोन करून "उद्याचं काय ठरलं?" असं विचारलं, की ती जागा तिची व्हायला लागते. त्याआधी दहा वर्षं राहिली तरी ती पाहुणीच, फार तर सासुरवाशीण, वागण्यावर सगळ्यांची नजर आणि बोलायला मात्र जागा नाही.

आणि ही मूठभर बायकांची गोष्ट नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं साधारण ३०.४ कोटी आहेत आणि त्यात बायका जवळजवळ निम्म्या, ४८ टक्के. तरीपण स्थलांतरित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बॅग घेतलेला पुरुष येतो आणि बाई त्याच्या मागे, मूल कडेवर घेऊन. प्रत्यक्षात त्यात नर्स आहेत, घरकाम करणाऱ्या आहेत, शिकायला गेलेल्या मुली आहेत, युद्धातून जीव वाचवून पळालेल्या आहेत, आणि हो, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेल्याही आहेत. सगळ्यांना एकाच "सक्षमीकरण" नावाच्या पिशवीत भरलं की मग शिवणाचा क्लास नाहीतर फोटोपुरता एखादा कार्यक्रम एवढंच सुचतं.

मला सगळ्यात आधी क्लारा लेम्लिच आठवते. आत्ताच्या युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू मुलगी, किशोरवयात घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आली आणि कपडे शिवायच्या कारखान्यात लागली. २२ नोव्हेंबर १९०९ ला कूपर युनियन नावाच्या कॉलेजच्या सभागृहात कामगारांची मोठी सभा होती, स्टेजवर युनियनचे मोठमोठे नेते एकामागून एक बोलत होते, संप करावा की नाही यावर सावध भाषणं चालली होती, आणि ही २३ वर्षांची पोरगी उठली, मला बोलायचंय म्हणाली, आणि तिने सरळ सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. बोलली कुठल्या भाषेत? यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत. इंग्रजीत नाही. सभागृहातल्या बहुतेक मुलींची घरची भाषा तीच होती. पुढचे काही महिने वीस हजारांहून जास्त कामगार संपावर होते, त्यात बहुसंख्य ज्यू आणि इटालियन तरुण मुली, ज्यांना त्या काळच्या मापाने "रुळलेल्या" म्हणालं नसतं कोणी. बऱ्याच कारखान्यांनी कामाचे तास कमी केले, पगार वाढवले. ट्रायँगल नावाच्या कारखान्याने युनियनला मान्यता द्यायला नकार दिला, आणि तिथेच २५ मार्च १९११ ला आग लागून १४६ जण गेले, बहुतेक याच वयाच्या, याच घरांमधल्या मुली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. त्या आगीनंतर तिथले कारखान्यांचे सुरक्षेचे कायदे बदलले. म्हणजे ज्या मुलींना देशाची भाषा नीट यायची नाही त्यांनी जे मागितलं होतं ते तेव्हाच ऐकलं गेलं असतं तर, असा विचार मनात येतोच, आणि आला की अंगावर काटा येतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे भाषा शिकायची गरज नाही का? आहे, प्रचंड आहे. भाषा आली नाही तर डॉक्टरला काय दुखतंय ते सांगता येत नाही, पगाराच्या कागदावर काय लिहिलंय कळत नाही, घरात मारहाण होत असेल तर फोन उचलून कोणाला काय सांगणार. पण भाषा ही गेटवरची तपासणी असू नये एवढंच म्हणणं आहे माझं. शिवाय भाषा येत नाही याचा दोष सरसकट बाईवर टाकला जातो, ती घराबाहेरच पडत नाही, तिला शिकायचंच नसतं, वगैरे. मी स्वतः काही वर्षं अशा बायकांच्या भाषेच्या वर्गाला स्वयंसेवक म्हणून जात होते. सुरुवातीला पंचवीस जणी नाव घालायच्या आणि दीड महिन्यात सहा-सात उरायच्या. आम्ही शिकवणाऱ्या आपसात म्हणायचो की चिकाटी नाही. वर्ग होता दुपारी तीनला. तीनला शाळा सुटते. इतकी साधी गोष्ट, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नाही, कारण वेळ आम्ही ठरवली होती, त्यांना विचारलंच नव्हतं. ती वेळ पुढे कशी बदलली ते शेवटी सांगते.

ज्या देशांनी हे डोकं लावून केलंय तिथे फरक दिसतो. ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचा सरकारी कार्यक्रम १९४८ पासून चालू आहे, आणि तिथे वर्गाच्या वेळात शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना सांभाळायची सोय फुकट असते. आधी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती काढली, कारण सगळ्यांना सारखे तास पुरत नाहीत. जिने शाळाच पाहिली नाही तिला आधी पेन धरण्यापासून शिकायचं असतं. कॅनडानेही १९९२ पासून नव्याने आलेल्यांसाठी भाषावर्ग सुरू केले त्यात मुलांच्या सांभाळाचा विचार होता. जर्मनीत २००५ पासून जो कोर्स आहे त्यात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज, आणि फक्त बायकांसाठी वा पालकांसाठी वेगळे वर्गही काढले गेले. हे सगळं मला आवडतं, मनापासून. पण यातसुद्धा बाई बाकावर बसलेली आहे आणि समोर कोणीतरी उभं आहे, हे चित्र बदलत नाही, आणि मला ते बदललेलं बघायचंय.

मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण याबद्दल कमी बोललं जातं. आईला भाषा येत नाही म्हणून दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या मीटिंगला दुभाषी कोण असतं? दहा-बारा वर्षांचं पोर. आईच्या गर्भाशयाची तक्रार मुलगा डॉक्टरला समजावतोय, आणि डॉक्टर जे सांगतो त्यातलं अर्धं तो गाळतो कारण त्याला लाज वाटते किंवा आई घाबरेल असं वाटतं. शाळेतल्या मॅडम त्याच्याबद्दल तक्रार करतायत आणि भाषांतर तोच करतोय! घरातला मान उलटा होतो. जी बाई आपल्या मुलखात चार माणसं सांभाळायची ती इथे स्वतःच्या लेकराच्या तोंडाकडे बघत बसते. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या २०१६ च्या नियमांमध्ये लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेण्यावर, तातडीची वेळ सोडली तर, बंदी घातली गेली, आणि दुभाषी पुरवणं ही सेवा देणाऱ्यांची जबाबदारी धरली. प्रशिक्षित दुभाषी मिळणं म्हणजे आईला तिचं आईपण परत मिळणं, इतका सरळ संबंध आहे तो. आणि हे दुभाष्याचं काम त्याच समाजातल्या बायकांना रीतसर शिकवून, पगार देऊन केलं तर एका दगडात किती पक्षी.

याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण बर्लिनमधलं आहे. नॉयकोल्न नावाचा भाग, तुर्की आणि अरब कुटुंबं भरपूर. तिथे २००४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला, त्या जर्मन शब्दाचा अर्थ होतो "वस्तीतल्या आया". त्याच कुटुंबांमधल्या, स्वतः स्थलांतरित असलेल्या, बऱ्याच जणी कधीच नोकरी न केलेल्या आयांना निवडलं, त्यांना सहा महिने शिकवलं, म्हणजे मुलांचं आरोग्य, शाळेची पद्धत, दोन भाषांमध्ये मूल वाढवणं, मुलांचे हक्क असे दहा विषय, आणि मग त्यांनी दुसऱ्या आयांच्या घरी जायचं, एकेका घरी दहा वेळा, आणि त्यांच्याच भाषेत बोलायचं. गळ्यात लाल स्कार्फ ही त्यांची ओळख. सरकारी माणूस दारात आला की जे दार उघडत नाही ते या स्कार्फला उघडतं. यात विचार कुठे वेगळा आहे बघा. या बाईला आधी पूर्ण जर्मन करून मग कामाला लावलेलं नाहीये. तिच्याकडे जे आधीपासून होतं, म्हणजे भाषा, ओळखी, शेजारणीचा विश्वास, तेच तिचं भांडवल धरलंय. आणि दुसरीला शाळेची पद्धत समजावून सांगता सांगता तिची स्वतःची जर्मन सुधारते, ऑफिसात जायची भीती जाते, घरात नवरा तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. डेन्मार्कनेही नंतर हाच धागा उचलला. आणि बर्लिनमध्ये २०२० पासून राज्याच्या कार्यक्रमातून या कामाला नियमित नोकरीचं रूप द्यायला सुरुवात झाली, जे माझ्या मते पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

कारण पगाराचा मुद्दा मोठा आहे. स्थलांतरित समाजातली जी एक बाई बऱ्यापैकी बोलते तिच्यावर सगळं येऊन पडतं. कोणाचं बाळंतपण आहे चल दवाखान्यात, कोणाचं पत्र आलंय वाचून दे, शाळेला "विविधतेचा दिवस" करायचाय येशील का, महापालिकेला मत हवंय येशील का. सगळं फुकट, आणि वर कौतुक. दोन-तीन वर्षांत ती थकते, घरचे चिडतात, आणि मग लोक म्हणतात या बायका टिकत नाहीत. तज्ज्ञ म्हणून कोणी सूटबुटातला माणूस बोलावला असता तर त्याला मानधन दिलं असतं ना? मग हिच्या ज्ञानाला का नाही.

आता कागदांकडे येते. कितीही वर्ग घ्या, कितीही कमिट्या काढा, जोपर्यंत बाईचा त्या देशात राहण्याचा हक्क दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टांगलेला आहे तोपर्यंत ती मोकळेपणाने तोंड उघडणार नाही. नवऱ्याच्या नाहीतर मालकाच्या. "डिपेंडंट" हा शब्दच घ्या. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसाबद्दल मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको, इंजिनीयर, डॉक्टर, सीए झालेल्या बायका वर्षानुवर्षं घरी, कारण काम करायची परवानगीच नाही. मे २०१५ पासून काही जणींना ती मिळायला लागली, तीसुद्धा नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. म्हणजे तिच्या डिग्रीची किल्ली त्याच्या फाइलमध्ये. नवरा चांगला असेल तर निभावतं. चांगला नसेल तर? हा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याकडून छळ झालेल्या बाईला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो, आणि बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोपातल्या २०११ च्या इस्तंबूल कराराच्या ५९ व्या कलमात अशा बाईला स्वतंत्र राहण्याचा परवाना देण्याची तरतूद आहे. चांगलंच आहे, पण यात ग्यानबाची मेख अशी की आधी छळ सिद्ध करावा लागतो. मला वाटतं की परवाना पहिल्यापासूनच तिच्या स्वतःच्या नावावर असावा, मार खाऊन तो कमवायला लागू नये.

घरकाम करणाऱ्यांचं तर याहून कठीण. जगात घरकामगार साधारण साडेसात कोटी आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांश बायका, आणि त्यातल्या कित्येक परदेशात. हाँगकाँगमध्ये फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून आलेल्या लाखो बायकांना मालकाच्याच घरात राहावं लागतं आणि काम सुटलं की साधारण दोन आठवड्यांत देश सोडायचा. ब्रिटनने १९९८ मध्ये मालक बदलायची मुभा दिली होती, एप्रिल २०१२ मध्ये ती काढून घेतली आणि बाईला पुन्हा एकाच घराला बांधलं, २०१६ मध्ये थोडीशी ढील दिली इतकंच. आखाती देशांमधली कफालाची पद्धत, म्हणजे कामगाराचा परवाना मालकाच्या हाती, ती तर सगळ्यांना ऐकून माहीत आहे. अशा बाईला आपण "नेतृत्व विकास शिबिरा"ला बोलावतो तेव्हा तिच्या मनात काय येत असेल? रविवारी सुट्टी मिळेल का इथपासून तिची सुरुवात आहे.

तरीही, आणि हेच मला सगळ्यात जास्त बळ देतं, याच बायकांनी स्वतःचं काम स्वतः उभं केलंय. हाँगकाँगमध्ये त्यांच्या युनियन आहेत, रविवारी भर शहरात त्यांचे मोर्चे निघायचे. न्यूयॉर्कमध्ये कॅरिबियन, लॅटिन अमेरिकन, आशियाई, मुलं सांभाळणाऱ्या बायकांनी आणि मोलकरणींनी २००० च्या सुमारास संघटना बांधली, कित्येकींकडे कागदपत्रं नव्हती, मत द्यायचा हक्क नव्हता, आणि तरी त्या वर्षानुवर्षं बसमधून राजधानी ऑल्बनीला जाऊन आमदारांना स्वतःची गोष्ट सांगत राहिल्या. २०१० मध्ये कायदा झाला. ओव्हरटाइम, आठवड्यातून एक सुट्टी, वर्षभर काम केल्यावर तीन दिवस पगारी रजा, छळापासून संरक्षण. मागण्या बघितल्या तर किती साध्या आहेत, पण अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. त्यानंतर १६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांचा १८९ क्रमांकाचा करार ३९६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर केला तेव्हा त्या चर्चेत स्वतः घरकामगार बायका हजर होत्या, त्यांच्याबद्दल दुसरं कोणीतरी बोलत नव्हतं. त्या करारात सीमा ओलांडण्याआधी लेखी करार हातात हवा असं आहे, पासपोर्ट बाईने स्वतःजवळ ठेवायचा असं आहे. हे नियम कोणी सुचवले असतील ते वेगळं सांगायला नको, ज्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते त्यांनाच हे सुचतं.

जयाबेन देसाईंबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गुजरातमध्ये जन्म, लग्नानंतर टांगानिका म्हणजे आत्ताचं टांझानिया, आणि साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटन. उंची पाच फुटांच्या आत. लंडनमधल्या ग्रनविक नावाच्या फोटो डेव्हलप करणाऱ्या कारखान्यात काम करायच्या, बरोबरच्या बहुतेक बायका त्यांच्यासारख्याच आशियातून, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या. सक्तीचा ओव्हरटाइम, अपमानाची भाषा. ऑगस्ट १९७६ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि दोन वर्षं, उन्हात, बर्फात, साडी आणि वर कोट घालून गेटवर उभ्या राहिल्या. त्याआधी आशियाई कामगारांच्या संपांना गोऱ्या युनियननी साथ न दिल्याची उदाहरणं होती. इथे मात्र पोस्टमननी कारखान्याची टपाल उचलायला नकार दिला, खाणकामगार लांबून आले, १९७७ च्या उन्हाळ्यात हजारो लोक त्यांच्यामागे उभे होते. संप हरला. चौकशी समितीने कामावर परत घ्या सांगितलं, मालकाने ऐकलं नाही, कोर्टात निकाल विरोधात गेला, जुलै १९७८ मध्ये संप मागे घेतला, एकीलाही नोकरी परत मिळाली नाही. मग यातून मिळालं काय? मला विचाराल तर, त्या देशाच्या कामगार चळवळीने स्थलांतरित बाईला आपल्यातली म्हणून पहिल्यांदा ओळखलं ते तिच्यामागे गेटवर उभं राहिल्यावर. साहेबाच्या इंग्रजीत बोलून किंवा साडी सोडून ते झालं नाही. ती पुढे झाली, त्यामुळे बाकीचे तिच्याशी जोडले गेले. जोडलं जाणं दोन्ही बाजूंनी असतं हे आपण विसरतोच, बदलायचं काम काय फक्त येणाऱ्याचं असतं का.

आता विरोधातले दोन मुद्दे, जे मला खरंच महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे घरातला विरोध. स्थलांतरित समाजाचे "प्रतिनिधी" म्हणून सरकार ज्यांना बोलावतं ते बहुतेक पुरुष असतात, वयस्क, प्रार्थनास्थळाशी किंवा धंद्याशी संबंधित. त्यांना बायकांचे प्रश्न विचारले की ते म्हणतात आमच्यात सगळं ठीक आहे. आणि एखादी बाई बोलली की "घरातली गोष्ट बाहेर काढली", "तिकडची हवा लागली". लंडनमध्ये १९७९ मध्ये स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने हे दोन्हीकडचं ओझं उचललं. बाहेर वर्णद्वेषाशी लढायचं आणि आत घरगुती हिंसेशी, आणि आतलं बोललं तर बाहेरचे वर्णद्वेषी त्याचा वापर करतील म्हणून गप्प बसा असं सांगणाऱ्या आपल्याच लोकांनाही ऐकून घ्यायचं. किरणजीत अहलुवालिया यांच्या खटल्यात याच बायका उभ्या राहिल्या, वर्षानुवर्षं छळ सोसल्यावर नवऱ्याला मारल्याबद्दल १९८९ मध्ये झालेली जन्मठेप १९९२ मध्ये रद्द झाली आणि त्या सुटल्या, आणि छळ सोसणाऱ्या बाईकडे ब्रिटनचा कायदा कसा बघतो यावर त्याचा परिणाम झाला. म्हणजे स्थलांतरित बाईच्या लढ्यामुळे तिथल्या गोऱ्या बायकांचंही भलं झालं. म्हणून सरकारी लोकांना माझं सांगणं आहे की समाजाशी बोलायचं असेल तर फक्त समाजाच्या पुढाऱ्यांशी बोलून थांबू नका, बायकांना वेगळं भेटा, त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागी.

दुसरा विरोध जिथे त्या येतात तिथल्या लोकांचा. आमच्या देशाची भाषा नीट येत नाही आणि आमच्यावर नेतृत्व? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपली जागा बदलतेय असं ज्याला वाटतं त्याची घुसमटही खरी असते. पण शाळेच्या पालक समितीत एक स्थलांतरित आई बसली तर ती काय मागेल? रस्ता ओलांडायला सिग्नल, वर्गात कमी मुलं, दुपारनंतर मुलं सांभाळायची सोय. जे शेजारच्या आईलाही हवंय तेच. ओळख होते ती असल्या बारक्या कामांत, एकमेकींच्या संस्कृतीवरची भाषणं ऐकून ओळख होताना मी तरी पाहिली नाही.

आणि मतदान. न्यूझीलंडने १८९३ मध्ये जगात सगळ्यात आधी बायकांना देशाच्या निवडणुकीत मत दिलं, त्याच देशाने १९७५ मध्ये कायम वास्तव्य असलेल्या परदेशी माणसांनाही राष्ट्रीय निवडणुकीत मत दिलं. स्वीडनमध्ये तीन वर्षं राहिलेल्या परदेशी नागरिकांनी १९७६ मध्ये स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं, आयर्लंडमध्ये तर स्थानिक निवडणुकीला नागरिक नसलेला माणूस उभाही राहू शकतो. नुसता हक्क पुरत नाही हेही खरं, स्वीडनमध्ये पहिल्या वेळी जवळपास ६० टक्के परदेशी मतदार बाहेर पडले आणि पुढे ते प्रमाण घसरत गेलं. पण ज्या नगरसेवकाला माझ्या मताची गरजच नाही तो माझ्या गल्लीत कशाला येईल? जिथे हा हक्क नाही तिथे निदान पालक समिती, रहिवासी समिती, दवाखान्याची सल्लागार समिती इथे तरी नागरिकत्वाची अट नको, आणि जागा एक नको, कमीत कमी दोन हव्या, कारण एकटी बाई टेबलावर नमुना होते, दोघी असल्या की एकमेकींकडे बघून बोलायचं धाडस येतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

मोठ्या नावांचं मला कौतुक आहे, हैतीतून लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या मिशेल जाँ २००५ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या तेव्हा कित्येक मुलींनी टीव्हीवर स्वतःला पाहिलं असेल. पण एवढ्यावर समाधान मानू नये. मी मोजेन ते वेगळं. किती जणी आपल्या मुलाच्या शाळेत दुभाष्याशिवाय बोलल्या, किती जणींचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आहे, नर्स असलेली बाई परत नर्स झाली का म्हातारी माणसं सांभाळतच राहिली, किती जणी अशा ठिकाणी बसतात जिथे पैसे कुठे खर्च करायचे ते ठरतं. बर्लिनमध्येच २०१५ पासून बाइकीगीज नावाचा एक गट निर्वासित बायकांना सायकल शिकवतो. वरवर बघता किरकोळ वाटेल. पण ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता कुठेही जाता येतं तिला ते किरकोळ नसतं, आणि तिथे शिकलेल्यांपैकी काही जणी पुढे शिकवायला उभ्या राहतात, मला त्यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

तर आमच्या वर्गाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. एका हिवाळ्यात वर्ग बंद करायचीच वेळ आली, चार जणी उरल्या होत्या. शेवटचा म्हणून सगळ्या जुन्या बायकांना बोलावलं आणि पहिल्यांदाच विचारलं की तुम्हीच सांगा कसं करायचं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसणारी एक, जिला आम्ही सगळ्यात "कच्ची" समजायचो, तिने उठून फळ्यावर घड्याळ काढलं. काटे सव्वानऊवर. मुलांना शाळेत सोडलं की लगेच. मग दुसरीने तिच्याजवळ लहान मुलाचं चित्र काढलं आणि बोटाने शेजारची रिकामी खोली दाखवली, म्हणजे पाळीपाळीने दोघींनी तिथे मुलं सांभाळायची. हजेरीची वही आमच्याकडून त्या घड्याळवालीने घेतली. पुढच्या सोमवारी एकोणीस जणी होत्या, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांना ती जिन्यात उभी राहून फोन करत होती, तिच्या भाषेत, मोठ्या आवाजात, आणि मधे मधे आमच्या भाषेतले दोनच शब्द ऐकू येत होते, "उद्या" आणि "सव्वानऊ".